दोन पॅनलचं घर

किटलीतलं पाणी खदखदत होतं आणि फोनवर मुलगा विचारत होता, "आई, तू उठलीस का?" मी म्हटलं, उठले नसते तर फोन कुणी उचलला असता, माझ्या भुताने? एरवी असल्या उत्तराला तो हसतो. आज हसला नाही. "तसं नाही गं," म्हणाला, "इथे काहीच दिसत नाहीये. काल सकाळपासून बघतोय, नुसता फ्रिज चाललाय. बाकी रेघ सपाट." मला आधी समजेचना, इथे म्हणजे कुठे. मग आठवलं. गेल्या आठवड्यात त्याने पाठवलेला टेक्निशियन पॅनलमध्ये एक पांढरी डबी बसवून गेला होता, आणि घरात किती वीज जातेय ते आता मुलाला त्याच्या शहरात, त्याच्या ऑफिसात बसून फोनवर दिसत होतं. विजेची शेगडी लावली की रेघ वर, बंद केली की खाली. "म्हणजे मला काळजी नको," असं तो म्हणाला होता, आणि मीही फार ताणलं नव्हतं. पोराची काळजी मिटत असेल तर मिटू दे की. पण आता मी किटली उचलून कपात पाणी ओतत होते, वाफेने चष्मा धुरकटला होता, आणि त्या फोनमध्ये मी नव्हते. फ्रिज होता. मी नव्हते. "चहा करतेय," मी म्हटलं. तो जरा गप्प राहिला, मग "बरं" म्हणाला, आणि त्या 'बरं'मध्ये इतका समजूतदारपणा होता की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. लहान मूल दूध प्यायलो म्हणून सांगतं आणि पेला समोर भरलेला असतो, तेव्हा मोठी माणसं असं 'बरं' म्हणतात. मी फोन ठेवला आणि चहात साखर घालायची विसरले.

कप घेऊन मी मधल्या पॅसेजमध्ये गेले. तिथे भिंतीवर दोन पॅनल आहेत, शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. नवीन माणूस आला की विचारतोच, एवढ्याशा घराला दोन कशाला? डावीकडचं माझ्या नवऱ्याने केलेलं, उजवीकडचं मी. बाहेरच्या मीटरमधून दोन जाड केबल निघतात, एक त्यांच्या पॅनलला, एक माझ्या. कुणी कुणाच्या खाली नाही. पुढची खोली, पुढचा दिवा, झोपायची खोली आणि पॅसेजमधला फ्रिज त्यांच्यावर. स्वयंपाकघर, न्हाणीघर, धुण्याचं मशीन आणि मागची खोली माझ्यावर. ते गेल्यापासून मी मागच्याच खोलीत झोपते. पुढे जाते ती फक्त झाडायला आणि फ्रिज उघडायला. त्यांच्या पॅनलच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने, तांबड्या रंगात, रेखीव अक्षरांत लिहिलेलं आहे: मुख्य. आणि टेक्निशियनने डबीचा तो चिमट्यासारखा क्लँप कुठे लावला? मुख्यच्या केबलला. बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. हसतमुख मुलगा होता, हत्यारं जपून वापरणारा. "काकू, मेन हेच ना?" त्याने विचारलं, आणि मी म्हटलं, "लिहिलंय ना तसं." दुसरं दार तो उघडायला गेला असता तर मी त्याच्यासमोर उभीच होते. माझ्या पॅनलला परक्याचा हात नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुढे काय होईल याचा मी विचार केला नव्हता. अगदी नव्हता असंही नाही. म्हटलं बघू दे काय बघायचंय ते.

माझं दार मी उघडलं. किती वर्षं झाली, पण उघडलं की अजून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. वायरी अशा बसल्यात की एकही दुसरीवर चढलेली नाही. प्रत्येक वळण काटकोनात, प्रत्येक टोकाला नंबर, आणि सगळे नंबर एकाच बाजूने वाचता येतात, मान वाकडी करावी लागत नाही. कारखान्यात मला फुटपट्टी म्हणायचे. मोठमोठ्या पंपांची, गिरण्यांची पॅनलं तयार व्हायची तिथे, माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटं, आणि त्यांच्या पोटातलं वायरिंग आम्ही बायका करायचो. लांब टेबल, वायरींचे रोल, चिमटे, आणि बोलणं तर अखंड. फोरमन कडक. तयार पॅनलचं दार उघडायचा आणि वायरी कुठून कुठे जातात ते बघायच्या आधी वळणं बघायचा. एकदा माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, हे कुणाचं? पलीकडून कुणीतरी ओरडलं, फुटपट्टीचं. त्याने नव्या आलेल्या सगळ्या मुलींना एकेक करून आणून ते दार दाखवलं. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आणि ते पॅनल तपासणीला गेलं कुणाकडे? ह्यांच्याकडे. तेव्हा ते माझे कुणी नव्हते, तपासणी खात्यातला एक अबोल माणूस. त्यांनी मीटर लावला, सगळं पाहिलं, आणि म्हणाले, "ठीक आहे." माझ्या आयुष्यभराच्या कामावर त्या माणसाचा एवढाच शेरा. लग्नाला विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, त्यावरही ठीक आहे. मुलगा झाला, नर्सने हातात दिला, ठीक आहे. मी चिडायचे, म्हणायचे तुमच्या तोंडात दुसरा शब्द घालायला शस्त्रक्रिया करावी लागेल. ते मान डोलवायचे.

घर आम्ही दोन टप्प्यांत बांधलं. पुढचा भाग आधी, त्याचं वायरिंग ह्यांनी केलं, मला हातसुद्धा लावू दिला नाही. तपासणीतल्या माणसाला वाटतं आपल्याला करताही येतं. आलं होतं म्हणा, बरं केलं होतं, वळणं सोडून. मग मागचा भाग झाला तेव्हा ते म्हणाले, माझ्या पॅनलमधून एक लाइन मागे टाकू. मी विळी बाजूला ठेवली. म्हटलं, माझं स्वयंपाकघर तुमच्या पॅनलखाली? ओव्हन, शेगडी, पाणी तापवायचं, सगळा भार तुमच्या त्या बारीक केबलवर? आणि तुमचा मेन स्विच पडला की मी अंधारात चाचपडायचं? नाही जमणार. दोन दिवस अबोला, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या बोलण्यात फारसा फरक नाही. मग मी मीटरपासून स्वतंत्र केबल ओढली, स्वतंत्र मेन बसवला. वीज खात्याचा इन्स्पेक्टर आला, त्याने दार उघडून वायरींवरून नजर फिरवली, आणि सही करून गेला. त्याच संध्याकाळी ह्यांनी तांबड्या रंगाची डबी काढली आणि आपल्या दारावर ते मुख्य लिहिलं. मला हसावं की रडावं कळेना. माझ्या दारावरही मला लिहिता आलं असतं. रंग उरला होता, ब्रश ओला होता. पण मी नाही लिहिलं. माझ्या दाराला लिहायची गरज नव्हती. पुढे एकदा वादळात त्यांचा मेन पडला, पुढची खोली काळीकुट्ट, आणि मागे माझ्याकडे लख्ख उजेड. मी हाक मारली, या इकडे, उजेड आहे. बऱ्याच वेळाने टॉर्च घेऊन, वर्तमानपत्र काखेत मारून आले, माझ्या दिव्याखाली बसले, आणि पान उलटता उलटता म्हणाले, "ठीक आहे." शेवटची काही वर्षं तर ते दिवसभर स्वयंपाकघरातच बसायचे. पुढे जायचे ते झोपायला.

तर असं आहे. त्या फोनमध्ये मुलाला दिसत होतं ते ह्यांचं अर्धं घर, जिथे आता कुणी नाही. आणि ती सपाट रेघ तो माझी समजत होता; कुठलं पॅनल कशाला, हे त्याने लहानपणीही कधी विचारलं नव्हतं. एक फोन, एक वाक्य, की अरे क्लँप दुसऱ्या केबलला लाव, तुझी आई उजवीकडे आहे, आणि विषय संपला असता. मी फोन हातात घेतलासुद्धा. पण नंबर लावला नाही. मी चहा करतेय म्हटलं होतं त्याला. माझ्या तोंडाने. मी जन्म दिलेला, मी बोलायला शिकवलेला मुलगा, आणि माझ्या तोंडचं वाक्य त्याला पुरेना, ते वायरीकडून खरं करून घ्यायला हवं? मग मी ते वायरीलाच का सांगायला लावू? नाही सांगत जा. फोन परत ठेवला. तिखट बाई आहे मी, सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर रोज फोन. आधी तो आठवड्यातून दोनदा करायचा, आता सकाळी, दुपारी, अंधार पडताना. "जेवलीस?" "जेवले." आणि मग ती गप्प जागा. त्या गप्प जागेत तो फोन कानापासून दूर धरून रेघ बघतोय हे मला इकडे ऐकू यायचं. "काय केलं होतंस?" असं आता तो विचारत नव्हता. पूर्वी विचारायचा, आणि मी सांगितलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. आता "बरं". मी ओव्हनमध्ये भोपळा भाजला, बटाटे भाजले, एकटीला संपणार नाहीत इतके, शेजारच्या शिंपिणीला नेऊन दिले. ती म्हणाली, काय हो, पाहुणे येणारेत का? मी म्हटलं, नाही, जिवंत आहे. ती हसली, तिला ते गमतीचं वाटलं. घरी आले तर फोन वाजत होता. सून. सून गोड आहे, उगाच नाही म्हणायचं. तिच्या आवाजात नेहमी आधी माफी मागितल्यासारखं असतं. "आई, तुम्हाला अंधारात बसावंसं वाटतं का?" मी म्हटलं, "कोण बसलंय अंधारात?" ती म्हणाली, "नाही, तसं नाही, पण एकटं माणूस कधीकधी… आणि तुम्ही सांगायच्या नाहीत ना." हे शेवटचं ती हळूच म्हणाली. मला झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. मागच्या थंडीत मी मागच्या पायरीवरून घसरले होते आणि मनगट मोडलं होतं. शिंपिणीने दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं, आणि त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या हाताने फोन धरून म्हटलं, मी मजेत. पुढे तो अचानक आला तेव्हा दारात माझं प्लॅस्टर बघून पांढराफटक पडला. ते खोटं नव्हतं. हात सोडला तर बाकी मी मजेतच होते. पण त्याला ते पटलं नाही, आणि आता कळतं की ती डबी त्या दिवशीच आमच्या घरात आली होती, बसवली नंतर.

मग तो म्हणाला, आम्ही शनिवारी येतोय, जरा बोलायचंय. 'जरा बोलायचंय' म्हणजे काय ते मला कळत नाही असं नाही. त्यांनी त्यांच्याकडची खोली रिकामी केली होती, हे सून मागेच चुकून बोलून गेली होती. खोली चांगली आहे, खिडकी मोठी आहे, खाली बाग आहे. माझं काहीच म्हणणं नाही त्या खोलीबद्दल. पण तिथे मी म्हणजे त्यांच्या पॅनलमधली एक लाइन. माझा मेन मी पाडायचा नाही, माझा मी उचलायचा नाही. आणि ह्या घराला कुलूप, ते पुढे कुणीतरी घेणार, पॅसेजमध्ये उभं राहून म्हणणार, दोन कशाला, काढा हे सगळं. मी शुक्रवारभर घर घासलं. घासता घासता ठरवत होते, की तोंड उघडून सांगून टाकायचं, हट्ट कसला धरतेस बये, घर जाईल. आणि पुन्हा वाटायचं, घर असं वाचवायचं? मी खाते, मी उठते, याचा पुरावा देऊन? हातातलं फडकं पिळून पिळून बोटं पांढरी झाली, पण माझं काही ठरेना.

शनिवारी ते आले तेव्हा ओव्हन चालू होता, शेगडीवर भात, किटली तापत, मशीनमध्ये चादरी फिरत होत्या. मुलगा आत आला आणि दारातच थबकला. घरभर भाजलेल्या कांद्याचा वास. त्याने माझ्याकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, मोजमाप घ्यावं तसं, आणि मला वाटतं मी त्याच्या कल्पनेपेक्षा फारच धडधाकट निघाले. "आई, आमच्यासाठी एवढं कशाला," सून म्हणाली. मी म्हटलं, "तुमच्यासाठी दोन ताटं जास्त. बाकी रोजचंच." मुलाने खिशातून फोन काढला. मला वाटलं होतं राग येईल, पण मी नुसती बघत राहिले. त्याने फोनकडे पाहिलं, ओव्हनच्या पेटलेल्या दिव्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे. त्याच्या कपाळावर लहानपणी गणित अडल्यावर पडायची ती आठी पडली. "ओव्हन चालू आहे," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि इथे…" मग तो पॅसेजमध्ये गेला. मी मागून गेले नाही. भाताची आच कमी केली. डाव्या पॅनलचं दार उघडल्याचा आवाज आला, मग उजव्याचं. उजव्याचं बिजागर आवाज करत नाही, मी तेल घालते, पण ते उघडल्याचं मला कळलं. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा लाल झाला होता.

"सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"रोज सांगत होते," मी म्हटलं. "जेवले म्हणून."

सून खुर्चीत बसली. मुलगा उभाच. मला वाटलं, झालं, जिंकले मी, आणि छाती फुगलीच होती, तेवढ्यात तो हळू आवाजात म्हणाला, "आणि हात मोडला तेव्हा काय सांगितलं होतंस?" मी भाताकडे बघितलं. भाताकडे बघण्यासारखं काही नव्हतं. असं नेमकं, एकाच वाक्यात, बरोबर त्या ठिकाणी बोट ठेवणं. अभिमान वाटला मला त्याचा, तशा अवस्थेतही. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर आरडाओरडा केला असता, खोलीचा विषय काढला असता. हा नुसता उत्तराची वाट बघत उभा राहिला. मी म्हटलं, "पडले तर सांगेन." तो म्हणाला, "त्याच दिवशी." मी म्हटलं, "त्याच दिवशी. आणि जेवले म्हटलं तर?" त्याने खिशात हात घातला, पुन्हा बाहेर काढला. मला वाटतं, माझ्या नुसत्या शब्दावर विसंबता येईल का, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. "बघतो," तो म्हणाला. प्रामाणिक उत्तर होतं. खोलीबद्दल त्या दिवशी कुणीच बोललं नाही, पण तो विषय घरात होता, चौथ्या माणसासारखा जेवायला बसला होता. जेवण झाल्यावर मुलगा म्हणाला, दुसरा क्लँप मागवतो, हे पॅनलही जोडून घेऊ, मग महिनाभर बघू काय ते. महिनाभर. म्हणजे माझी परीक्षा. मी म्हटलं, मागव, पण लावणार मी.

क्लँप आला तो मीच लावला. मेन बंद केला, दार उघडलं, चिमटा केबलभोवती बसवला, त्याची बारीक वायर इतर वायरींच्या रांगेत काटकोनात वळवून बांधली, नंबर घातला. कुणी बघणार नव्हतं, पण काम ते काम. मेन उचलला आणि मुलाचा संदेश आला: दिसतेस. नुसता तेवढाच शब्द. मी वाचला, आणि काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. बरं वाटलं आणि उघड्यावर बसल्यासारखंही वाटलं. पुढचे काही दिवस मी शेगडी लावताना कुणीतरी दारात उभं राहून बघत असल्यासारखी लावत होते. किटली उगाच दोनदा तापवली. मग माझीच मला चीड आली. फुटपट्टी म्हणवून घेणारी बाई, आणि वायरीसमोर नाटक करतेय! एकदा ह्यांची आठवण येऊन हसूच आलं. ते असते तर रेघ बघून म्हणाले असते, ठीक आहे.

वर्षातून एकदा मी पॅनलचे सगळे स्क्रू आवळते. गरम-गार होऊन ते ढिले पडतात, कारखान्यात शिकवलेलं, सुटत नाही. महिना संपत आला होता तरी मी त्यात खंड पाडला नाही. सकाळीच माझा मेन पाडला, स्टूल घेतलं, पेचकस घेतला, आणि एकेक करत बसले. मनगट मोडलेला हात जरा कुरकुरत होता, त्याला म्हटलं गप्प बस. कामात रमत गेले, दुपार झाली, भूक लागली, पण अर्धं सोडायचं जिवावर आलं. फ्रिजमध्ये कालची भाजी होती, पाव होता, तिथेच स्टुलावर बसून खाल्लं. आणि फोन वाजला. हात पुसता पुसता माझ्या लक्षात आलं की सकाळपासून त्याच्याकडे माझी रेघ पार तळाला असणार, सगळ्या महिन्यात पहिल्यांदा, आणि महिना मोजला जात होता. मेन बंद आहे असं म्हटलं असतं तर झालं असतं. जीभ वळलीसुद्धा. "जेवलीस?" त्याने विचारलं.

"जेवले," मी म्हटलं, आणि पुढचं बोलले नाही.

ती गप्प जागा आली. मी पेचकस घट्ट धरला होता. तो रेघ बघत होता, मला माहीत होतं तो बघत होता, आणि तिकडे काहीच नव्हतं, नुसतं शून्य, आणि त्याच्याकडे माझा फक्त शब्द होता. पॅसेजमध्ये फ्रिज घुरघुरत होता.

"मग गारच खाल्लंस वाटतं," तो म्हणाला. "थोडं गरम करून घ्यायचं ना, आई."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. फोनवर दिसत नाही ते बरं असतं. "हो रे," मी म्हटलं, "गारच खाल्ली. पण भाजी फक्कड झाली होती."